‘बजेट नाही’ हे आयईपीच्या टेबलावरचं उत्तर नव्हे

पत्र असं आहे:

‘आमचा मुलगा सात वर्षांचा आहे, मध्य न्यू जर्सीतल्या सरकारी शाळेत दुसरीत जातो. त्याला ऑटिझम आहे. थोडं बोलतो, पण गडबड-गोंगाट वाढला की वर्गातून उठून पळतो. गेल्या वर्षीच्या आयईपीत (शाळेने त्याच्यासाठी लिहिलेल्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात) पूर्ण दिवसासाठी स्वतंत्र पॅरा, म्हणजे वर्गातली मदतनीस, मिळाली आणि फरक दिसला. आता त्याची फाइल सांभाळणाऱ्या शाळेच्या केस मॅनेजरनी फोनवर सांगितलं की राज्याचं अनुदान घटलंय, सप्टेंबरपासून तीन मुलांत मिळून एक पॅरा असेल. ओळखीतले म्हणतात, सरळ प्रायव्हेट स्पेशल शाळा मागा, राज्य सगळे पैसे भरतं. आमचे हे म्हणतात, आपण एच-वन व्हिसावर आहोत, वाद नको. एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो, मग पैसे नाहीत म्हणजे काय? वार्षिक मीटिंग तीन आठवड्यांवर आली आहे. काय करू? — एक आई’

सप्रेम नमस्कार.

फोनवर जे सांगितलं तो निर्णय नाही, ती फक्त खबर आहे. चालू आयईपीतली सेवा कमी करायची तर डिस्ट्रिक्टला (टाउनच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला) लेखी नोटीस द्यावी लागते. काय बदलतंय, का बदलतंय, कोणत्या तपासण्यांच्या आणि नोंदींच्या आधारावर, दुसरे कोणते पर्याय पाहिले आणि ते का सोडले, हे सगळं त्यात लिहावं लागतं. ‘अनुदान घटलं’ हे कारण त्या कागदावर सहसा कोणी लिहीत नाही. लिहिलं तर पुढे तेच अंगाशी येतं. असल्या गोष्टी फोनवर सांगितल्या जातात त्या त्यामुळेच.

तेव्हा आज रात्रीच केस मॅनेजरना ईमेल करा आणि स्पेशल सर्व्हिसेसच्या डायरेक्टरना सीसीत घ्या. मजकूर चार-पाच वाक्यांचा असू द्या: ‘अमुक तारखेला फोनवर आपण सांगितलंत की सप्टेंबरपासून माझ्या मुलाची स्वतंत्र पॅरा काढून तिघांत एक देणार आहात आणि कारण राज्याचं अनुदान आहे. माझी समजूत चुकीची असेल तर दुरुस्त करा. आम्ही या बदलाला सहमत नाही. आयईपीत सध्याची सेवा तशीच ठेवावी अशी ही लेखी विनंती समजावी आणि तिला लेखी उत्तर द्यावं.’ आवाज चढवायचं काहीच कारण नाही. पालकाने लेखी विनंती केली की न्यू जर्सीच्या नियमांप्रमाणे (विशेष शिक्षणाचं ६ए:१४ हे प्रकरण) डिस्ट्रिक्टला २० कॅलेंडर दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात शाळेच्या सुट्ट्या धरत नाहीत, पण उन्हाळ्याची सुट्टी मात्र धरतात. उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तर त्यांनी फोनवर काय सांगितलं होतं याचा पुरावा म्हणून तुमची ईमेल तरी राहते.

आता पैशाचं. कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. १९७५ च्या केंद्रीय कायद्याने (आज त्याला आयडिया म्हणतात) अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला मोफत आणि योग्य शिक्षणाचा हक्क दिला, आणि त्यात ‘पैसे असतील तर’ अशी पुस्ती जोडली नाही. त्याच्याही आधी, १९७२ मध्ये, वॉशिंग्टन डीसीच्या मिल्स खटल्यात न्यायालयाने सांगितलं होतं की पैसा कमी पडत असेल तर तुटीचा भार या मुलांवर इतरांपेक्षा जास्त पडता कामा नये. १९९९ मध्ये आयोवातल्या सीडर रॅपिड्सच्या खटल्यात मुलाला श्वासासाठी यंत्र लागत होतं आणि दिवसभर शेजारी नर्स. डिस्ट्रिक्टचं म्हणणं होतं, हा खर्च आम्हाला झेपणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी डिस्ट्रिक्टच्या विरुद्ध निकाल दिला.

पण याचा अर्थ मागाल ते मिळेल असा नाही, आणि इथेच बरेच पालक फसतात. दोन पर्याय दोन्ही योग्य असतील तर डिस्ट्रिक्ट स्वस्त पर्याय निवडू शकतं. उत्तमातलं उत्तम शिक्षण कायदा देत नाही. २०१७ च्या एंड्रू एफ. खटल्यानंतर कसोटी अशी आहे की, त्या मुलाची परिस्थिती पाहता त्याची खरी प्रगती होईल असा कार्यक्रम हवा. म्हणजे सगळी लढाई ‘गरज आहे की नाही’ यावर आहे. तिघांत एक पॅरा पुरेशी आहे असं ते नोंदी दाखवून सिद्ध करू शकले, तर तुमची बाजू पडते, मग डिस्ट्रिक्टच्या मनात खरं कारण पैसाच का असेना. उलट नोंदी तुमच्या बाजूने असतील तर त्यांची तिजोरी रिकामी आहे की भरलेली, हा प्रश्नच उरत नाही.

म्हणून मीटिंगमध्ये पैशाचा विषय तुमच्याकडून काढू नका. ‘आम्ही एवढा टॅक्स भरतो’ हे वाक्य तिथे म्हटलंत की समोरच्यांना तुटीची रडकथा सांगायची आयती संधी मिळते आणि मुलाच्या गरजेवरचं बोलणं राहून जातं. त्यांनी विषय काढला तर एवढंच म्हणा: ‘हे मिनिट्समध्ये किंवा नोटिशीत लिहून द्याल का?’ पुढे कोणी फार बोलत नाही.

तरीही पैसा येतो कसा हे तुम्हाला कळायला हवं. केस मॅनेजर म्हणाल्या त्यात थोडं तथ्य आहे आणि थोडी पळवाट, आणि हिशेब कळल्याशिवाय ती पळवाट दिसत नाही.

केंद्र सरकारने १९७५ मध्ये आश्वासन दिलं होतं की देशातल्या सरासरी दरडोई शालेय खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा आम्ही उचलू. तो आकडा आजवर कधीच गाठला गेला नाही. अलीकडच्या वर्षांत तो १५ टक्क्यांच्याही आत आहे. उरलेलं राज्य आणि टाउन यांच्यात वाटलं जातं. न्यू जर्सीत हे वाटप २००८ च्या शालेय निधी कायद्याने होतं. त्या कायद्यातली मूळ रीत अशी: तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये प्रत्यक्षात किती मुलांना आयईपी आहे हे मोजायचंच नाही. एकूण पटसंख्या घ्यायची, तिला राज्याच्या सरासरी प्रमाणाने गुणायचं आणि मग एका मुलामागच्या सरासरी जादा खर्चाने. पाच हजार मुलांच्या दोन डिस्ट्रिक्ट्सपैकी एकात ६०० मुलांना आयईपी असो आणि दुसऱ्यात ९०० मुलांना, या सूत्रात दोन्ही सारखीच. हेतू वाईट नव्हता. मोजणीवर पैसे दिले तर डिस्ट्रिक्ट्स उगाच जास्त मुलांना शिक्का मारतील अशी भीती होती. पण चांगल्या ऑटिझम वर्गांची ख्याती ऐकून जिथे कुटुंबं मुद्दाम राहायला येतात, अशा टाउनना ही रीत जड जाते. तुमच्यासारखी कितीतरी मराठी घरं नेमकी अशाच टाउनमध्ये आहेत.

त्या रकमेचे पुढे दोन भाग होतात. दोन-तृतीयांश भाग टाउनची श्रीमंती बघून ठरतो. घरांच्या किमती आणि उत्पन्न चांगलं असेल तर राज्य म्हणतं, हे तुमचं तुम्ही भागवा. एक-तृतीयांश भाग मात्र श्रीमंती न बघता सगळ्यांना मिळतो. म्हणजे सुखवस्तू टाउनला प्रॉपर्टी टॅक्सवरच भागवावं लागतं, आणि २०१० च्या कायद्याने टॅक्सची एकूण वसुली वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायला, काही सवलती सोडल्या तर, बंदी आहे. थेरपिस्टचे दर आणि बसची कंत्राटं मात्र २ टक्क्यांत थांबत नाहीत. त्यात २०१८ च्या एस-टू कायद्याने ज्या डिस्ट्रिक्ट्सना सूत्रापेक्षा जास्त अनुदान मिळत होतं, त्यांचं ते सात वर्षांत टप्प्याटप्प्याने कापलं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. तुमच्या डिस्ट्रिक्टची तूट खरीही असू शकते. वर्षावर्षाच्या अर्थसंकल्पात या सूत्राला मुरडी घातल्या जातात, म्हणून चालू वर्षाचा आकडा ऐकीव घेऊ नका. राज्य दरवर्षी डिस्ट्रिक्टवार अनुदानाची यादी जाहीर करतं, ती पाहा.

आता पळवाट. खूप खर्चिक सेवा लागणाऱ्या मुलांसाठी याच कायद्यात वेगळी सोय आहे. तिचं नाव एक्स्ट्राऑर्डिनरी एड. ती मुलागणिक मिळते. मूल सर्वसाधारण मुलांबरोबर सरकारी शाळेत असेल आणि त्याच्या थेट शिक्षणाचा आणि सेवांचा वर्षाचा खर्च ४०,००० डॉलर्सच्या वर गेला, तर वरच्या रकमेच्या ९० टक्के राज्याने द्यायचे. फक्त अपंग मुलांसाठीच्या वेगळ्या सरकारी शाळेत असेल तर ४०,००० च्या वरच्या रकमेच्या ७५ टक्के. प्रायव्हेट स्पेशल शाळेत असेल तर ५५,००० च्या वरच्या फीच्या ७५ टक्के. बसचा खर्च यात येत नाही. वाहतुकीचं अनुदान वेगळं.

एक हिशेब मांडू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा तुमच्या मुलाच्या स्वतंत्र पॅराचा खर्च ४५,००० आणि बाकी थेरपी, विशेष शिक्षक वगैरे मिळून ३३,०००, एकूण ७८,०००. चाळीसच्या वर ३८,०००. त्याचे ९० टक्के ३४,२००. डिस्ट्रिक्टच्या खिशातून जातात ४३,८००. आता पॅरा तिघांत वाटली, म्हणजे वाट्याला आले १५,०००, एकूण ४८,०००. वरचे फक्त ८,०००, राज्याकडून ७,२००, डिस्ट्रिक्टच्या खिशातून ४०,८००. तुमच्या मुलाची ३०,००० डॉलर्सची सेवा कापून डिस्ट्रिक्टची बचत झाली तीन हजारांची!

प्रत्यक्षात ती बचत याहून जास्त असते, कारण विधिमंडळ या खात्यात पुरेसे पैसे टाकत नाही आणि मग सगळ्यांच्या मागण्या एका प्रमाणात कापल्या जातात. समजा मागणीच्या ६० टक्केच मिळाले. तर ३४,२०० चे होतात २०,५२० आणि ७,२०० चे ४,३२०. डिस्ट्रिक्टची खरी बचत १३,८०० वर जाते. शिवाय खर्च आधी करावा लागतो, अर्ज वर्ष चालू असताना जातो आणि मंजुरीचा आकडा कळायला उन्हाळा उजाडतो. बिझनेस ऑफिस म्हणूनच या पैशांवर भरवसा ठेवून पॅरा नेमायला कचरतं. समजण्यासारखं आहे, पण तो त्यांच्या ताळेबंदाचा प्रश्न. तुमच्या मुलाच्या आयईपीत तो यायचं कारण नाही.

याच हिशेबातून ओळखीतल्या मंडळींच्या सल्ल्याचंही उत्तर मिळतं. प्रायव्हेट शाळेची फी १,००,००० धरली तर ५५,००० च्या वरचे ४५,०००, त्याचे ७५ टक्के ३३,७५०. उरलेले ६६,२५० डिस्ट्रिक्टनेच भरायचे, वर बस. राज्य ‘सगळे पैसे’ भरत नाही, आणि ‘मागितली आणि मिळाली’ असंही होत नाही. स्वतःच्या शाळांत या मुलाला योग्य शिक्षण देणं जमत नाही हे आधी दिसावं लागतं. तुमच्या मुलाची तर सरकारी शाळेतच प्रगती होते आहे! तुम्ही स्वतः तसं लिहिलं आहे. प्रायव्हेट शाळेची मागणी आत्ता पुढे केलीत तर ‘आमच्या शाळेत पॅरासकट त्याचं छान चाललं आहे’ हा तुमचाच मुद्दा मोडतो. कधी पुढे स्वतःहून तिकडे घालून पैसे परत मागायची वेळ आलीच, तर मुलाला काढण्याआधी किमान १० कामकाजाचे दिवस लेखी सूचना द्यावी लागते, किंवा काढण्यापूर्वीच्या शेवटच्या आयईपी मीटिंगमध्ये तसं सांगावं लागतं. नाहीतर परतावा कमी होऊ शकतो किंवा बुडूही शकतो.

मीटिंगच्या तयारीकडे येऊ. तीन आठवडे पुरेसे आहेत, पण नोंदी आजच मागवा. मुलाची शालेय कागदपत्रं मागितल्यापासून १० दिवसांत दाखवावी लागतात. ‘संपूर्ण फाइल’ असं मोघम लिहू नका. पॅराने भरलेल्या रोजच्या डेटा शीट्स, वर्गातून पळाल्याच्या घटनांची नोंद, स्पीच आणि ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) सत्रांच्या हजेऱ्या, प्रत्येक ध्येयावरचे तिमाही अहवाल, आणि पॅरा गैरहजर असलेल्या दिवशी तिच्या जागी कोण होतं याची माहिती मागा. शेवटची गोष्ट फार बोलकी असते. पॅरा रजेवर असताना तो किती वेळा पळाला आणि ती असताना किती वेळा, हे दोन आकडे शेजारी ठेवले की डॉक्टरांच्या पत्राहूनही जास्त काम करतात. असे दिवस तारखेनिशी कागदावर उतरवा. बाहेर एबीए (वर्तनावर काम करणारी) थेरपी चालू असेल तर त्यांचा अहवाल मागवा; त्यात ‘अमुक प्रमाणात मदतनीस हवा’ एवढंच नको, कोणत्या प्रसंगी काय घडतं आणि जवळ माणूस नसेल तर काय धोका, हे लिहिलेलं हवं.

त्यांचा एक मुद्दा मात्र मोकळ्या मनाने ऐका. सतत कुणीतरी खेटून बसलं की मूल त्या माणसावर विसंबायला लागतं, शिक्षिका सूचना मुलाला न देता पॅराला द्यायला लागतात आणि वर्गातली मुलं जवळ येत नाहीत. हे खरंच होतं. म्हणून ‘कायम पूर्ण दिवस’ असा हट्ट धरण्यापेक्षा, मदत कधी आणि कशी कमी करायची हे तुम्हीच मांडा. गणिताच्या तासाला तो स्थिर बसत असेल तर तिथे पॅराने लांब बसावं, आणि सलग चार आठवडे आठवड्यातल्या पाचपैकी चार दिवस ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त आठवण करून द्यावी लागली नाही तर तो तास सोडावा. जेवणाची सुट्टी, रिसेस, फायर ड्रिल आणि बसपर्यंतचा रस्ता या चार ठिकाणी मात्र सोडू नका. पळणारं मूल पळतं ते बहुतेक याच वेळांना. नोंदी पाहून मदत कमी करायला तयार असलेल्या आई-वडिलांना ‘अवास्तव मागणी’ म्हणणं अवघड जातं.

आयईपीतले शब्द अक्षरन् अक्षर वाचा. ‘अ‍ॅक्सेस टू पॅरा’, ‘अ‍ॅज नीडेड’, ‘क्लासरूम एड’ हे तीन शब्दप्रयोग दिसले की थांबा. वर्गात कुठेतरी एक पॅरा उभी असली की या तिन्हींची पूर्तता होते. तुम्हाला हवं ते असं: एकास एक पॅरा, रोज, शाळेत उतरल्यापासून बसमध्ये चढेपर्यंत किंवा अमुक तास, अमुक ठिकाणी, आणि ती काय करणार हेही. अमक्याच बाई हव्यात असं मागता येत नाही, नेमणूक डिस्ट्रिक्टची. पण ‘ती नसेल त्या दिवशी या मुलाची योजना वाचलेला बदली माणूस’ हे मागता येतं. काटेकोर शब्दांचा फायदा डिस्ट्रिक्टलाही आहे. एक्स्ट्राऑर्डिनरी एडचा अर्ज आयईपीत लिहिलेल्या सेवांवर उभा असतो. ‘अ‍ॅज नीडेड’ला मुलागणिक खर्च दाखवायचा कसा?

मीटिंग रेकॉर्ड करायची असेल तर न्यू जर्सीत मुभा आहे, सुरू होण्याआधी सगळ्यांना सांगायचं. घरातल्या कुणाला इंग्रजीत अडचण असेल तर मराठी दुभाषी मागा. तो आणणं आणि त्याचे पैसे देणं डिस्ट्रिक्टचं काम.

आता सगळ्यात जास्त नुकसान होतं ती जागा: सहीचं पान. न्यू जर्सीच्या आयईपीत सहसा एकाहून जास्त ठिकाणी सही मागतात. एक सही तुम्ही हजर होतात याची. ती करायला हरकत नाही. दुसरी असते १५ दिवसांचा नोटीस काळ सोडून आयईपी लगेच लागू करायला संमती देणारी. ही करू नका. मीटिंग संपताना, सगळे घड्याळाकडे बघत असताना, पेन पुढे येतं आणि दोन्ही सह्या होऊन जातात. ‘घरी वाचून कळवते’ म्हणा आणि कागद घेऊन या.

पहिल्या आयईपीला तुमची लेखी संमती लागते, पण त्यानंतरच्या वार्षिक आयईपीला लागत नाही. तुम्ही सही केली नाही म्हणून तो अडून राहत नाही! लेखी नोटीस मिळाल्यापासून १५ कॅलेंडर दिवस तुम्ही गप्प राहिलात तर सोळाव्या दिवशी तो लागू होऊ शकतो. थांबवायचा असेल तर त्या १५ दिवसांत राज्य शिक्षण खात्याकडे मीडिएशनचा (मध्यस्थीचा) किंवा ड्यू प्रोसेस सुनावणीचा अर्ज जायला हवा. तो गेला की निकाल किंवा समझोता होईपर्यंत जुना आयईपी, म्हणजे स्वतंत्र पॅरा, चालू राहते. इंग्रजीत याला ‘स्टे पुट’ म्हणतात. केस मॅनेजरना नाराजीची ईमेल पाठवून हे होत नाही, आणि राज्याकडे नुसती तक्रार करूनही होत नाही. तिथे अनेकांचे १५ दिवस वाया जातात.

तुम्ही मीडिएशनपासून सुरुवात करा. त्याला पैसे पडत नाहीत, मध्यस्थ राज्याचा असतो, वकील लागत नाही आणि झालेला लेखी समझोता बंधनकारक असतो. ड्यू प्रोसेस म्हणजे न्यायाधीशापुढची सुनावणी. तिथे २००८ पासून न्यू जर्सीच्या कायद्याने पुराव्याची जबाबदारी डिस्ट्रिक्टवर टाकली आहे, जी बऱ्याच राज्यांत पालकांवर असते. जिंकलात तर वकिलाची फी मागता येते, पण तज्ज्ञांची फी मिळत नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं ठरवलं आहे. ऑटिझमच्या प्रकरणात तज्ज्ञ हाच मोठा खर्च असतो, म्हणून तिकडे शेवटी वळा. राज्याकडची लेखी तक्रार वेगळ्या प्रसंगाची: आयईपीत स्वतंत्र पॅरा आहे, पण सप्टेंबरमध्ये वर्गात ती दिसतच नाही, असं झालं तर ती करा. घटनेपासून एका वर्षाच्या आत करायची, ६० दिवसांत निकाल लागतो, आणि बुडालेल्या सेवेची भरपाई मिळू शकते. अर्ज भरताना मदत हवी असेल तर न्यू जर्सीची स्पॅन पेरेंट अ‍ॅडव्होकसी नेटवर्क ही पालकांची संस्था फुकट मार्गदर्शन करते, आणि राज्याची ‘प्राइज’ नावाची हक्कपुस्तिका डिस्ट्रिक्टने तुम्हाला द्यायलाच हवी.

व्हिसाबद्दल थोडक्यात. सरकारी शाळेतला हक्क मुलाच्या राहण्याच्या पत्त्यावर आहे, आई-वडिलांच्या व्हिसावर नाही. १९८२ च्या प्लायलर खटल्यापासून तर कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही शाळा नाकारता येत नाही. मीडिएशनच्या अर्जात व्हिसाचा रकाना नसतो. हक्क मागितला म्हणून पालकांवर डूख धरणं हेच बेकायदा आहे. नोकरी बदलून दुसऱ्या टाउनला किंवा राज्यात जावं लागलं, तर नव्या डिस्ट्रिक्टला चालू आयईपीशी तुल्य सेवा लगेच द्याव्या लागतात. म्हणूनही तो आयईपी आत्ता नीट लिहिलेला हवा.

राहिला टॅक्सचा राग. तो जरूर व्यक्त करा, पण योग्य ठिकाणी. डिस्ट्रिक्टच्या अंदाजपत्रकावर एप्रिलच्या शेवटी ते मेच्या सुरुवातीला जाहीर सुनावणी होते, आणि ‘यूजर फ्रेंडली बजेट’ नावाचा सारांश त्यांना संकेतस्थळावर ठेवावा लागतो. सविस्तर बजेटमध्ये ११-०००-२१७ ही ओळ शोधा. एकेका मुलाला लागणाऱ्या जादा सेवा, तुमच्या पॅरासकट, तिथे येतात. ११-०००-२१६ म्हणजे स्पीच, ओटी, फिजिकल थेरपी, ११-०००-१०० म्हणजे बाहेरच्या शाळांची फी, ११-०००-२७० बस. गेल्या वर्षीच्या खर्चाशी यंदाची तरतूद ताडून पाहा. २१७ घटली आणि १०० वाढली असेल, तर डिस्ट्रिक्ट घरचा आधार काढून मुलं बाहेर पाठवतंय का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. केंद्रीय कायद्याप्रमाणे विशेष शिक्षणावरचा स्थानिक खर्च गेल्या वर्षीपेक्षा सरसकट कमीही करता येत नाही. खर्चिक मूल गेलं, पट घटला, जुने कर्मचारी निवृत्त झाले अशा मोजक्या कारणांनीच सूट मिळते.

सुनावणीत बोर्डाला तीन गोष्टी विचारा. एक्स्ट्राऑर्डिनरी एडसाठी गेल्या वर्षी किती मुलांचे अर्ज गेले, किती रकमेची मागणी होती आणि किती मिळाले. ४०,००० च्या वर खर्च असूनही अर्ज न गेलेली मुलं होती का. आणि पॅरा कमी करून होणारी बचत अनुदान वजा जाता सांगत आहात की न जाता? एकट्या जाऊ नका. प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये विशेष शिक्षणाचा पालक सल्लागार गट, सेपॅग, असावाच लागतो. त्याच्या नावाने प्रश्न गेले तर उत्तर लेखी मागता येतं. तिथेच उत्तर मिळालं नाही तर हेच आकडे सार्वजनिक माहितीच्या ओप्रा कायद्याखाली मागवा. आमदार आणि सिनेटरना लिहायचं तर ‘शिक्षणाला पैसे द्या’ असं नको. एक्स्ट्राऑर्डिनरी एडचं खातं कायद्यातल्या टक्केवारीप्रमाणे पूर्ण भरा, एवढं लिहा, आणि मार्च ते जूनमध्ये लिहा. राज्याचं बजेट ३० जूनपर्यंत मंजूर व्हावं लागतं, त्यानंतर त्या वर्षापुरता उपयोग नाही.

माइकवर बोलताना मुलाचं नाव, वर्ग, शाळा आणि निदान यांपैकी काहीही सांगू नका. या सभा सार्वजनिक असतात, बऱ्याच ठिकाणी त्यांचं चित्रीकरण नेटवर वर्षानुवर्षं राहतं, आणि तिथे पॅराबद्दल बोललेलं वाक्य मीडिएशनमध्ये तुमच्यासमोरच ठेवलं जाऊ शकतं.